हप्त्यावर समुद्र

कोलकात्यात घरी मासा आला की मोहरी घालायची की दही, एवढाच प्रश्न असतो. अशा गावात मासा नुसता बघायला आणायचा, म्हणजे छाती लागते. पण हौसेला मोल नाही. बागबाजारजवळ गॅलिफ स्ट्रीटला रविवारचा पशुपक्ष्यांचा बाजार भरतो. तिथून नवशिका हवा भरलेल्या फुगीर पिशवीत दोन क्लाउनफिश घेऊन निघतो. टाकी दुपारी भरू, म्हणतो.

खरं तर खाऱ्या पाण्याच्या टाकीत आधी जिवाणूंची वस्ती व्हावी लागते. माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं ते नायट्राइट करतात, मग नायट्रेट. याला काही आठवडे जातात. तोवर रिकाम्या टाकीत पंप गुरगुरतो, वाळूवर तपकिरी बुरशीसारखं शेवाळ चढतं आणि शेजारचे दादा रोज विचारतात, "माछ कोथाय?" पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ, तेही खास मत्स्यालयाचं. तापमान पंचवीस-सव्वीस अंश. म्हणजे मे महिन्यात मासे चिलरच्या गारव्यात आणि मालक पंख्याखाली घामाघूम.

शेवटी प्रवाळ. रीफ बांधणारे कठीण प्रवाळ २००१पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, थेट वाघाच्या पंगतीला बसलेत. विचारलं तर विक्रेता हसून सांगतो, "इम्पोर्टेड आहे, दादा." पावती मागितली की त्याला दुसरं गिऱ्हाईक दिसतं.