वाफ, दिवा आणि वाहनमालक

मोटारीच्या टाकीतले पेट्रोल गाडी उभी असतानाही उडत असते. ही वाफ मोकळी सुटू नये म्हणून अमेरिकेत १९७१च्या मॉडेलपासून सगळ्याच नव्या गाड्यांवर बंधन आले. वाफ कॅनिस्टर नावाच्या डब्यातल्या कोळशात मुरते. इंजिन चालू झाले की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि ती इंजिनात जळते. १९९६पासून गाडीचा संगणकच या व्यवस्थेवर पहारा करतो. कुठे गळती आढळली की इंजिनाचा पिवळा दिवा लागतो.

दिव्यामागचे कारण संगणक कोडच्या रूपात नोंदवतो. पी ०४५५ म्हणजे मोठी गळती. पी ०४४२ म्हणजे बारीक, साधारण १ मिलिमीटर भोकाएवढी. पी ०४५६ त्याच्याही निम्मी.

दिवा लागल्याने गाडीला काही होत नाही, मालकाला होते. तो इंजिनीअर असल्यास (कॅलिफोर्नियातला मराठी मालक बहुधा असतोच, प्रस्तुत लेखक याच प्रजातीतला) गॅरेजात जाणे त्याला कमीपणाचे वाटते. तो स्कॅनर मागवतो, कोड वाचतो आणि चारचौघांत निदान जाहीर करतो. वास्तविक कोड गळती केवढी ते सांगतो, कुठे ते सांगत नाही.

शोध पेट्रोलच्या टाकीच्या टोपणापासून सुरू करावा. रबरी रिंग चिरली आहे का पाहावे, टोपण टिकटिक वाजेपर्यंत आवळावे. एवढ्या क्षुल्लक कारणावर पदवीधराचा विश्वास बसत नाही. मग नळ्या. मग पर्ज व्हॉल्व्ह: इंजिन बंद असताना तो बंदच हवा, फुंकर आरपार गेली तर बदलावा. तरीही पत्ता लागला नाही तर गॅरेजवाला नळीतून धूर सोडतो. धूर निघेल तिथे गळती. पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावरही बिल राउंड फिगर व्हावे म्हणून आणखी पेट्रोल रेटणाऱ्यांचा कॅनिस्टर ओला होऊन निकामी होऊ शकतो.

कोळ्यांचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. २०११मध्ये माझदाने अमेरिकेत माझदा-६च्या सुमारे ५२,००० गाड्या परत बोलावल्या, कारण पिवळ्या कोळ्यांनी कॅनिस्टरच्या हवेच्या नळीत जाळी विणली होती. नळी तुंबली की टाकीत पोकळी होते आणि टाकीला चीर पडू शकते. कोळी आत शिरू नयेत म्हणून कंपनीने नळीत स्प्रिंग बसवली. २०१४मध्ये त्याच तक्रारीपायी पुन्हा सुमारे ४२,००० गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कोळ्यांकडे स्कॅनर नव्हता, पदवीही नव्हती.

कोड नुसता पुसून टाकणारेही असतात. संगणकाच्या इतर चाचण्यांचे निकालही त्यासोबत पुसले जातात आणि गाडीची प्रदूषण-तपासणी करणाऱ्या स्मॉग चेकवाल्याला ते लगेच दिसते. पण प्रश्न पकडले जाण्याचा नाही. लॉस एंजेलिसमध्ये लोकांचे डोळे का चुरचुरतात, याचे उत्तर आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला शोधले: पेट्रोलच्या वाफा आणि नायट्रोजनची ऑक्साइडे उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो. दिवा पुसून मिशीत हसणारा गृहस्थच संध्याकाळी लेकीच्या दम्याचा पंप आणायला औषधांच्या दुकानात उभा असतो, हे चीड आणणारे आहे.

टोपण आवळल्यावर दिवा लगेच विझत नाही. संगणकाची गळती-तपासणी सहसा इंजिन थंड असताना, टाकी अगदी भरलेली किंवा रिकामी नसतानाच होते, आणि ती लागोपाठ काही वेळा उत्तीर्ण व्हावी लागते. तोवर स्कॅनर खणात ठेवावा आणि गाडी चालवावी.