निकाल लाव की!

सातारा-सांगली पट्ट्यातल्या कुठल्याही कुस्ती मैदानात एक तात्या असतातच. नाव गावागणिक बदलतं. कुठे ते आण्णा असतात, कुठे आबा. डोक्यावर टोपी, खिशात चार घड्या घातलेलं मैदानाचं पत्रक, आणि जागा अशी धरलेली की आपला आवाज हलगीवाल्याला, पंचाला आणि दोन्हीकडच्या वस्तादांना एकाच वेळी जावा. तात्यांनी स्वतः लंगोट शेवटचा कधी कसला होता, हे विचारायचं नसतं. त्यांच्या मताला त्याची गरजही नसते.

मत एकच. कुस्ती निकाली झाली पाहिजे. पाठ मातीला लागली पाहिजे, पडलेल्याला आभाळ दिसलं पाहिजे, आणि पंचानं हात वर करायच्या आधी पब्लिकनं टोप्या उडवल्या पाहिजेत. बाकी सगळं तात्यांच्या लेखी वेळकाढूपणा.

त्यामुळे तात्यांचा खरा वैरी समोरच्या गावचा पैलवान नसून ‘गुणांची कुस्ती’ खेळणारा कुठलाही पैलवान असतो. हा पैलवान नव्या तालमीतला. पहिल्या मिनिटात तो एकेरी पट काढतो, ताबा घेतो, दोन गुण खिशात घालतो. त्यानंतर समोरच्याच्या मानेवर एक हात, मनगटावर दुसरा, आणि सगळं लक्ष घड्याळाकडे. समोरचा पुढे आला की हा बाजूला सरकतो, समोरचा कडेला गेला की हलकेच ढकलून त्याला वर्तुळाबाहेर काढतो. बाहेर पाऊल पडलं की आणखी एक गुण. सहा मिनिटं संपतात, तीन-शून्य. पैलवानाच्या अंगाला धड घामही आलेला नसतो.

“ह्याला कुस्ती म्हनत्यात व्हय?” तात्या उठून उभे राहतात. “बँकेत ठेव ठिवल्यागत दोन गुण ठिवलं आन् व्याजावर जिकला की रं!”

आसपासची पन्नास माणसं हसतात. वस्ताद हसत नाहीत. त्यांचा हिशेब वेगळा असतो, आणि तो ऐकण्यासारखा आहे. तालमीतली पोरं शेतकऱ्याची, ऊसतोडीवाल्याची. दूध, तूप, बदाम यांचा खुराक बापाच्या खिशातून जातो. पोराला शेवटी नोकरी हवी असते: पोलिसात, रेल्वेत, लष्करात, नाहीतर सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून. त्या नोकरीसाठी जे प्रमाणपत्र लागतं त्यावर ‘प्रथम क्रमांक’ एवढंच छापलेलं असतं. ढाक मारून की ढकलून, असा रकाना त्यात नसतो. वस्ताद म्हणूनच पोराला सांगतात, आधी दोन गुण घे, मग हौस कर. हौस करायची वेळ सहसा येत नाही, ही गोष्ट निराळी.

तात्यांच्या घरात हाच वाद रात्री पुन्हा पेटतो, पण दुसऱ्या खेळावर. पुतण्या सांगलीत शिकायला. रात्री उशिरा पांघरुणात मोबाइल धरून इंग्लंडचा फुटबॉल बघतो. संघ आर्सेनल. सामना जिंकूनही पुतण्याचं तोंड आंबट.

“हारलं काय?”

“नाही तात्या, जिंकले.”

“मग?”

“कॉर्नरवर जिंकले. बॉल वर टाकायचा, गोलकीपरच्या अंगावर गर्दी करायची आणि डोकं लावायचं. कॉर्नरसाठी वेगळा कोच ठेवलाय, तात्या! खेळ कुठाय ह्यात?”

“आरं, गोल झाला न्हवं? मग बोंबलतोस कशाला?”

पुतण्या पांघरूण बाजूला सारतो. “तुम्ही दुपारी मैदानात कशाला बोंबलत होता?”

तात्या दिवा घालवून झोपतात.

कॉर्नरच्या कोचची गोष्ट मात्र खरी आहे. निकोलस जोव्हर नावाचा हा गृहस्थ 2021 साली आर्सेनलकडे आला आणि तेव्हापासून त्या संघाचे कॉर्नर गाजत आहेत. ‘जिंकलो, पण कसे!’ ही तक्रारही इंग्लंडमध्ये जुनीच. वेस्ट हॅम संघाचे एके काळचे वस्ताद सॅम अॅलरडाइस सरळसोट, लांब चेंडूच्या खेळासाठी प्रसिद्ध. मार्च 2014 मध्ये त्यांच्या संघानं स्वतःच्या मैदानावर हल सिटीला 2-1 असं हरवलं, आणि सामना संपताच घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. जिंकल्यावर! अॅलरडाइस यांनी कानामागे हात नेऊन ‘काय म्हणालात?’ अशी खूण केली. आपल्याकडच्या कुठल्याही वस्तादानं ती खूण लगेच ओळखली असती.

त्याच वर्षी जानेवारीत याच वेस्ट हॅमनं चेल्सीला चेल्सीच्या मैदानात गोलशून्य रोखलं होतं. चेल्सीचे जोसे मोरिन्यो इतके चिडले की हा एकोणिसाव्या शतकातला फुटबॉल आहे, असं म्हणून मोकळे झाले. एप्रिलमध्ये तेच मोरिन्यो लिव्हरपूलला गेले, सगळा संघ गोलसमोर उभा केला आणि 2-0 जिंकून आले. त्या दिवशी तक्रार करायची पाळी लिव्हरपूलच्या वस्तादांची होती. शतक कोणतं, हे तीन महिन्यांत बदललं.

आणि ग्रीस! 2004 च्या युरो स्पर्धेत या संघाला कोणी विचारत नव्हतं. जर्मन वस्ताद ओटो रेहागल यांनी पोरांना एकच पाठ पढवला: मागे घट्ट राहा, एक संधी मिळेल, ती सोडू नका. उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्स, 1-0. उपांत्य फेरीत चेक प्रजासत्ताक, 1-0. अंतिम सामन्यात यजमान पोर्तुगाल, तोही 1-0, आणि तो गोलही कॉर्नरवर डोक्यानं मारलेला. सगळ्या युरोपातल्या तात्यांनी नाकं मुरडली. ग्रीसमधल्या तात्यांनी मात्र त्या रात्री एकही शब्द वाईट काढला नाही.

शेजारच्या कोल्हापुरात तर हे दोन खेळ एकाच छपराखाली नांदतात. तिथल्या फुटबॉल संघांची नावंच पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. त्यामुळे एकाच माणसाला शाहू स्टेडियममध्ये फुटबॉलपटूला आणि खासबागेत पैलवानाला, तोच शब्द वापरून शिव्या देता येतात. सातारा-सांगलीकरांना ही सोय नाही. त्यांना सगळी भडास कुस्तीवरच काढावी लागते.

तात्यांच्या गटाला सगळे जुन्या वळणाचे म्हणून हसतात, पण जरा नियमांची वही उघडून पाहावी. ती तात्यांनीच लिहिली आहे असं वाटेल. पैलवान नुसता रेटारेटी करत राहिला की पंच आधी ताकीद देतात, मग तीस सेकंदांची मुदत लावतात. त्यात गुण घेतला नाही तर एक गुण समोरच्याला. मैदानाच्या कडेवरून येणाऱ्या “झोपलास काय रं?” या आरोळीचंच हे कायद्यातलं रूप. साध्या ताब्याला दोन गुण आणि उचलून आपटलं तर चार किंवा पाच, हाही तात्यांच्याच मनासारखा दर. फुटबॉलमध्येही तेच घडलं. बरोबरीवर समाधान मानणाऱ्यांना चाप बसावा म्हणून इंग्लंडनं 1981 साली विजयाला दोनाऐवजी तीन गुण केले, आणि गोलकीपरकडे चेंडू मागे देऊन वेळ काढणाऱ्यांसाठी 1992 साली असा पायानं दिलेला चेंडू त्यानं हातात घेण्यावर बंदी आली.

कुस्तीच्या वहीत मधे एक पान मात्र असं आलं की तात्यांना कोणी ते नीट समजावून सांगितलं असतं तर त्यांनी मैदानाला येणंच सोडलं असतं. 2005 नंतर काही वर्षं आंतरराष्ट्रीय कुस्ती दोन-दोन मिनिटांच्या तीन डावांची असे. एखादा डाव शून्य-शून्य संपला की पंच पिशवीतून रंगीत चेंडू काढत! ज्याच्या रंगाचा चेंडू, त्यानं समोरच्याचा पाय धरायचा, आणि तिथून तीस सेकंदांत निकाल. पैलवानांनी वर्षभर जोर-बैठका मारायच्या आणि शेवटी पिशवीत हात घालून नशीब बघायचं. व्हायचं तेच झालं. हुशार वस्ताद दीड मिनिट शांत बसायला शिकवू लागले.

फेब्रुवारी 2013 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळानं कुस्तीला 2020 पासून ऑलिंपिकबाहेर काढायची शिफारस केली, तेव्हा जागतिक संघटनेची झोप उडाली. अध्यक्ष गेले, नवे आले. मे महिन्यात पिशवी आणि चेंडू दोन्ही रद्द झाले. तीन-तीन मिनिटांचे दोन भाग आणि सगळ्या गुणांची एकत्र बेरीज अशी पद्धत आली, ताब्याचा एक गुण दोन झाला. सप्टेंबरमध्ये कुस्ती ऑलिंपिकमध्ये परत. बघणाऱ्याला कंटाळा आला तर खेळ जातो, ही तात्यांची धमकी रिकामी नव्हती.

तात्यांच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा मात्र कराडजवळच्या गोळेश्वरचा आहे, आणि तोच पुरावा त्यांच्यावर उलटतोही. खाशाबा जाधव हे या मातीतलं दैवत. 1948 साली लंडनला गेले तेव्हा गादीची सवय नव्हती, तरी सहावे आले. 1952 साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तिथे कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना खाशाबांनी हरवलं आणि कांस्य आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. स्वागताला शंभराहून जास्त बैलगाड्या होत्या.

आता त्या वेळची पद्धत बघा. हेलसिंकीत हरणाऱ्याला दोषगुण मिळत, ते ठीक. पण चितपट न करता नुसत्या पंचांच्या कौलावर जिंकणाऱ्यालाही एक दोषगुण लागत असे. शून्य दोष हवे असतील तर पाठ लावायची, दुसरी वाट नाही. तात्यांनी आयुष्यभर मागितलेला न्याय ऑलिंपिकनं सत्तर वर्षांपूर्वीच देऊन ठेवला होता. पण त्याच हेलसिंकीत खाशाबांच्या शेवटच्या दोन कुस्त्या, जपानच्या इशीशी आणि सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोव्हशी, पंचांच्या कौलावर गेल्या. इशीशी झालेली लांबलचक कुस्ती संपते न संपते तोच, नियमातली विश्रांती न देता त्यांना दुसऱ्या कुस्तीला उभं केलं, आणि भांडायला आपला एकही अधिकारी जवळ नव्हता. म्हणजे वहीतले नियम ज्याला पाठ आहेत असा एखादा रूक्ष, गुण मोजणारा माणूस त्या दिवशी आपल्याकडे असता, तर बरं झालं असतं.

सांगली जिल्ह्यातल्या दोन नावांनी ही हिशेबी बाजू दाखवून दिली आहे. कवठेपिरानचे मारुती माने आणि शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दोघांनीही एकेक सुवर्ण आणि एकेक रौप्य आणलं. मानेंचं सोनं फ्रीस्टाइलचं, आंदळकरांचं ग्रीको-रोमनचं. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावायचा नाही. पट नाही, टांग नाही, निम्मी तालीम घरी ठेवून जायचं. मातीत वाढलेला गडी त्या नियमात उतरतो आणि सोनं घेऊन येतो, यातली अक्कल तात्या कधी मोजत नाहीत. दोघंही हिंदकेसरी म्हणून जास्त ओळखले गेले, कारण पब्लिकच्या आठवणीत गदा राहते.

एप्रिल 2022 मध्ये महाराष्ट्र केसरी साताऱ्यात भरली. या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग; दोन्हीकडचे विजेते शेवटी गादीवर भिडतात, आणि तिथेच तात्यांचा पहिला आक्षेप असतो. कोल्हापूरचा पृथ्वीराज पाटील आणि मुंबईकडून खेळणारा विशाल बनकर यांची ही लढत 5-4 अशी संपली. चितपट नाही. एका गुणाचा फरक. तात्यांच्या तत्त्वानुसार स्टेडियम रिकामं व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात खांद्यावर घेतलेला पैलवान जमिनीवर उतरवायला लोक तयार नव्हते. वर्षभरानं सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, सांगलीचीच प्रतीक्षा बागडी जिंकली, तेव्हाही गुण की चितपट हा प्रश्न कोणी काढला नाही. गदा घरात आली होती.

तात्यांची गोम इथे आहे. आपल्या गावचा गडी एका गुणानं पुढे असला आणि मिनिटभर उरलं असलं, की हेच तात्या ओरडतात, “धरून ठेव! आता कायबी करू नगंस!” आणि समोरच्याला पंचानं गुण दिला तर हेच तात्या पाय रेषेच्या आत होता की बाहेर, याचा पुरावा मागतात. त्या मिनिटापुरते ते महाराष्ट्रातले सगळ्यात कडक नियमतज्ज्ञ असतात. इंग्लंडमध्येही यापेक्षा वेगळं काही चालत नाही. दुसऱ्याच्या संघानं गोलसमोर भिंत बांधली की तो भित्रेपणा, आपल्यानं बांधली की ती योजना.

तरीही चुकतं कोणाचं, असं विचारलं तर कौल तात्यांच्या बाजूनं द्यावा लागेल. वस्ताद पोराच्या नोकरीसाठी खेळवतो, तो बरोबर. पण नियम दर काही वर्षांनी दुरुस्त होतात ते वस्तादांमुळे नाही, तर कंटाळून आरडाओरडा करणाऱ्यांमुळे. कडेला बसून शिव्या देणारा गेला की उरतो तो पिशवीतला चेंडू.

यात्रा कमिट्यांना मात्र एक विनंती आहे. यात्रेच्या मैदानात आता वीस-पंचवीस मिनिटं झाली की कुस्ती अचानक ‘गुणांवर’ लावतात, आणि खरी भांडणं तिथूनच सुरू होतात. कोणाला वेळ माहीत नसते, कोणाला नियम. पत्रकावर पैलवानांचे फोटो असतात, इनामाचा आकडा असतो, देणगीदारांची नावं तर घराण्यासकट असतात. त्याच्या खाली एक ओळ छापा: कुस्ती किती मिनिटांनी गुणांवर जाईल आणि कशाला किती गुण. अक्षर मोठं ठेवा. तात्यांचा चष्मा घरी राहिलेला असतो.