एका पिवळ्या नोटेस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती दोनशे रुपयांची नोट,
मुक्काम : माझी पर्स, आतला चेनचा कप्पा.

स. न. वि. वि.

उद्या मंगळवारी आपल्याला माझ्याबरोबर मुंबई पाहायला यायचं आहे. सगळी नव्हे, बोरीबंदरापासून गेटवेपर्यंतची, जिला जुनी माणसं अजून कोट म्हणतात तेवढीच. दिवाळीची सुट्टी, मावसभावाचं ठाण्यातलं घर आणि ‘फिरायला मुंबईइतकं स्वस्त शहर नाही’ हे आमच्या ह्यांचं संशोधन, असे तीन योग जुळून आले आहेत. रविवारी मेगाब्लॉक, सोमवारी आधुनिक कलेचं सरकारी दालन बंद, म्हणून मंगळवार. अर्थसंकल्प काल रात्री जेवताना मांडला गेला आणि चर्चेविना मंजूर झाला : माणशी एक नोट, पिवळी. घरातल्या चौघांना समान वाटा. ह्या समतेचा ह्यांना एवढा अभिमान वाटला की त्यांनी वरणभात परत मागून घेतला. माझ्या वाट्याला तुम्ही आलात. तेव्हा तुम्ही अजून अखंड आहात तोवर चार गोष्टी कानावर घालते.

तुमचं कूळ मोठं आहे, ते मी जाणते. २५ ऑगस्ट २०१७ रोजी, ऐन गणेश चतुर्थीला तुम्ही चलनात आलात. पाठीवर सांचीचा स्तूप. तुमच्या घरातली धाकटी, वीसची, वेरूळ घेऊन फिरते. पन्नासची हंपी, पाचशेची लाल किल्ला. पाठीवर प्रेक्षणीय स्थळ बाळगणाऱ्या बाईला दुसऱ्यांची स्थळं पाहण्याचं अप्रूप नसणार. पण उद्याची वाट तुमच्या माहेरावरून जाते. ज्या गव्हर्नरसाहेबांच्या सहीने तुम्हाला मान आहे, त्यांची कचेरी ह्याच भागात, मिंट रोडला. समोरच टांकसाळ; तुमची चिल्लर भावंडं तिथे घडतात. धारकाला दोनशे रुपये अदा करण्याचं वचन तुमच्या अंगावर छापलं आहे. उद्याची धारक मी आहे, एवढं लक्षात असू द्या.

आता दिवसाचा कार्यक्रम. ठाणे ते सीएसएमटी दुसऱ्या वर्गाचं तिकीट, जाऊन-येऊन. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली आगगाडी ह्याच वाटेने, फक्त उलट दिशेने, धावली होती. त्या वेळी चारशे निमंत्रित होते आणि तोफांची सलामी होती. आम्हाला उभं राहायला जागा मिळाली तरी सलामी माफ आहे.

स्टेशनाबाहेर येऊन मागे वळून मान वर केली की उद्याचं पहिलं फुकट दर्शन. १८८८ साली पुरी झालेली स्टीव्हन्स साहेबांची इमारत, फाटकाच्या खांबांवर एकीकडे विलायतेचा सिंह, दुसरीकडे आपला वाघ, आणि घुमटावर हातात मशाल घेतलेली ‘प्रगती’ नावाची बाई. समोर महापालिकेची इमारत, तीही ह्याच साहेबांची. मग हुतात्मा चौक : रोमन फुलदेवीचं १८६४चं कारंजं आणि शेजारी संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या झेललेल्यांचं स्मारक. तिथे मात्र पोरांना थांबवून सांगायचं आहे, कारण शाळेच्या पुस्तकात ते दीड ओळीत उरकलं आहे.

तिथून ओव्हल मैदान. नोटबाई, ह्या मैदानासारखा सौदा साऱ्या मुंबईत नाही. मधोमध उभं राहायचं. पूर्वेला हायकोर्ट आणि विद्यापीठ, टोकदार कमानींचं एकोणिसावं शतक. पश्चिमेला गोलाईच्या गॅलऱ्यांचं विसावं, टोकाला १९३८चं इरॉस सिनेमागृह. ह्या दोन रांगांना मिळून युनेस्कोने २०१८ साली जागतिक वारशात घेतलं. नुसतं तोंड फिरवलं की शतक बदलतं, आणि तोंड फिरवायला तिकीट नाही.

पण हे फुकट कसं, ह्याचा विचार ह्यांनी केलेला नाही. फुकट आहे, कारण पैसे आधीच कुणीतरी भरलेले आहेत. विद्यापीठाचा तो मनोरा प्रेमचंद रायचंद ह्या कापसाच्या राजाने दिलेल्या पैशातून उभा राहिला आणि त्याच्या आईच्या नावाने राजाबाई टॉवर झाला. आई दृष्टिहीन, धर्माने जैन. सूर्यास्ताआधी जेवण उरकावं म्हणून घड्याळाचे टोले तिला ऐकू यावेत, अशी गोष्ट सांगतात. पलीकडचं डेव्हिड ससून वाचनालय, जहांगीर आर्ट गॅलरी (१९५२ची, आत जायला अजूनही पैसे लागत नाहीत), सगळी दात्यांच्या घरातली नावं. काळा घोडासुद्धा मुळात एका ससूनचीच देणगी. वर बसलेल्या विलायती राजपुत्रासकट तो घोडा १९६५ साली हलवला आणि आता राणीच्या बागेत आहे. चौकात २०१७ पासून नवा घोडा उभा आहे, स्वार नसलेला. ह्यांना त्याच्यासमोर फोटो काढायचा आहे. स्वाराची जागा रिकामी आहे, हे त्यांच्या लक्षात येऊ नये अशी माझी प्रार्थना.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्याकडे येते.

ह्या भागात दानशूरांनी पाणपोयाही बांधल्या. मिंट रोडजवळ मुळजी जेठांचं कारंजं आहे, एका बापाने गेलेल्या मुलाच्या आठवणीसाठी उभारलेलं. दगडात केवढं नक्षीकाम! तहानलेल्याला पाणी पाजणं हे पुण्य. पण प्यालेल्या पाण्याचं पुढे काय होतं, ह्याचं पुण्य आपल्याकडे कुठल्याच पोथीत लिहिलेलं नाही. आईच्या नावाने मनोरा झाला, वाचनालयं झाली, रुग्णालयं झाली. राजाबाईंना भर दुपारी फोर्टात असताना जायचं कुठे, ते मात्र कुणी विचारलं नाही. मातोश्रींच्या स्मरणार्थ स्त्रियांचं स्वच्छतागृह बांधलं, अशी संगमरवरी पाटी तुम्ही इतक्या खिशांतून हिंडलात, कधी पाहिलीत?

म्हणजे उद्या काय होणार ते ऐका. पुरुषांना मुतारीला पैसे पडत नाहीत. आम्हाला पडतात. दर ठरलेला नसतो. चावी ज्याच्या हातात, दर त्याच्या तोंडात. ‘आम्हीही तेवढ्यासाठीच आलोय’ असं सांगितलं तर तो म्हणतो, बाईमाणूस काय करायला आलं हे आम्हाला काय ठाऊक? २०११ पासून मुंबईत बायकांनी ह्या एका गोष्टीसाठी ‘राइट टू पी’ नावाची चळवळ चालवली आहे. हसू नका. ज्या शहरात स्वातंत्र्याची चळवळ झाली, गिरणीचे संप झाले, त्याच शहरात ही मागणीसुद्धा अर्ज, सभा आणि मोर्चे करून मांडावी लागली.

सकाळी आठ ते रात्री आठ, असे बारा तास. हे आणि चिरंजीव वाटेल तेवढं पाणी पितील. मी आणि कन्या घोट मोजू, आणि संध्याकाळी डोकं धरून बसू. कुणी विचारलं तर ऊन लागलं म्हणायचं. तेव्हा समान वाट्याच्या चार नोटांपैकी दोन नोटा दोनशेच्या आणि दोन नोटा त्याहून कमीच्या, असा खरा अर्थसंकल्प आहे. तुमच्या पाठीवर स्तूपाशेजारी गांधीजींचा चष्मा छापला आहे, स्वच्छतेकडे एक पाऊल टाकायला सांगणारा. त्या एका पावलाला किती पैसे पडतात ते उद्या तुम्हाला त्याच चष्म्यातून दिसेल.

म्हणून इराण्याकडे बन-मस्का आणि चहा, हा खर्च मी चैनीत धरलेला नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि सांगलीहून आणलेलं भडंग पिशवीत असताना बाहेर खायचं कशाला, असं ह्यांचं म्हणणं. पण इराण्याकडे खुर्ची असते, पंखा असतो, आणि नशीब असेल तर मागे एक दार असतं. बन-मस्का हे जागेचं भाडं आहे. पोटात जातो तो वरकड.

एशियाटिक सोसायटीच्या तीस पायऱ्या चढायच्या की नाहीत, ते पायांवर सोडलं आहे. त्या १८३३च्या इमारतीत, म्हणजे जुन्या टाउन हॉलात, दान्तेच्या महाकाव्याचं जुनं हस्तलिखित आहे. मुसोलिनीने त्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले आणि सोसायटीने नाही म्हटलं, असं सांगतात. पैशाला नाही म्हणणारी जागा तुम्ही एकदा बाहेरून तरी पाहावी. समोरच्या हॉर्निमन सर्कलच्या बागेत सावली आहे, बाकं आहेत, आणि ती फुकट आहेत. डबा तिथेच सोडायचा. ह्याच टाउन हॉलपुढे वडाच्या झाडांखाली १८५०च्या सुमारास दलाल जमायचे, त्यातून पुढे १८७५ साली शेअर बाजार झाला. आमचे हे तिथे बसून म्युच्युअल फंडावर बोलणार, ह्याची तयारी ठेवा.

शेवटी गेटवे. पाचवा जॉर्ज १९११ साली आला. त्याच्या स्वागताचं दार बांधून झालं १९२४ साली. पाहुणा जाऊन तेरा वर्षांनी दार बसवण्याची कल्पना ज्या सरकारी खात्याला सुचली, त्याचे वारस आजही कार्यरत आहेत. शेवटची गोरी पलटण १९४८च्या फेब्रुवारीत ह्याच दारातून निघून गेली. म्हणजे दार वापरलं गेलं, पण जाण्यासाठी. तिथून घारापुरीच्या होड्या सुटतात. त्यांच्याकडे बघायचं नाही. तो तुमचा घास नव्हे. समोरच्या ताजमध्ये चहा प्यायला तुमच्यासारख्या किती लागतील, हा प्रश्न चिरंजीव विचारतील. त्यांना कबुतरं दाखवायची.

दिवेलागणीला बसने मरीन ड्राइव्ह. बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं २०२५च्या मे महिन्यात पाचाचं दहा झालं, तेवढे तुमच्यातून जातील. पुढे कट्टा. साडेतीन किलोमीटरहून लांब, दिवसभरात कुणी पैसे न मागता बसू देईल अशी सर्वांत मोठी जागा. तिथे हे डायरी काढून प्रत्येकाला हिशेब विचारतील. ‘तुझे एवढेच कसे उरले?’ हा प्रश्न मला येईल, कन्येलाही येईल. आम्ही दोघी ‘इतर’ असं सांगणार आहोत. डायरीतल्या त्या रकान्यात हे काय लिहितात ते बघू.

कळावे. लोभ आहेच, तो असा कप्प्यातल्या कप्प्यात राहावा.

आपली,
उद्यापुरती धारक

ता. क. : सकाळी ठाण्याच्या तिकीटखिडकीवर ‘सुट्टे द्या’ म्हणतील आणि चारातली एक नोट मोडावी लागेल. आपण घाबरू नये. चौघांची तिकिटं एकत्र काढण्याचा मान घरच्या कर्त्या पुरुषाचा असतो, ह्याची आठवण मी आत्ताच ह्यांना करून दिली आहे.