कोजागरीचा चीजकेक

चीजकेक हा पदार्थ अमेरिकेचा नाही, हे मी भेटेल त्याला सांगत असतो. कुणी विचारलेलं नसतं. माझा जावई न्यू जर्सीला राहतो. मागे तिकडे गेलो असताना त्याने मोठ्या हौसेने आम्हा दोघांना ब्रुकलिनच्या 'ज्युनिअर्स'मध्ये नेलं. १९५० पासूनचं दुकान. खाली स्पंज केकचा पातळ थर आणि त्यावर भरघोस जाडीचा पांढरा, घट्ट ऐवज. जावई म्हणाला, "बाबा, हा खरा चीजकेक." पहिला घास तोंडात जायच्या आत मी म्हणालो, "खरा चीजकेक रोमचा." सासऱ्याला गप्प बसा म्हणता येत नाही, ही त्याची अडचण मी पुरेपूर वापरली.

पुढचा अर्धा तास मी त्याच्याच खर्चाने त्याला त्याच्याच मुलखाचा इतिहास ऐकवला. १८७२ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावी विल्यम लॉरेन्स नावाचा दुग्धव्यावसायिक फ्रान्सच्या नफशातेल चीजची नक्कल करायला गेला. त्याने त्यात साय सढळ हाताने घातली आणि क्रीम चीज तयार झालं. १८८० मध्ये त्याला 'फिलाडेल्फिया' हे नाव मिळालं. ते काही तिथे बनत नव्हतं. त्या शहराच्या दुधालोण्याला बाजारात मान होता, एवढंच. कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीतून विकत घेतलेल्या माणसाला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. पुढे विसाव्या शतकात आर्नल्ड रूबेन आणि 'लिंडीज' या हॉटेलवाल्यांनी या क्रीम चीजचा केक न्यूयॉर्कभर गाजवला. माझं हे सगळं सांगून होईपर्यंत माझ्या बशीतला केक बायकोने संपवला होता.

"एवढं कळतं तर करून दाखवा," ती म्हणाली.

पुण्याला परतल्यावर मी थेट मुळाला हात घातला. मूळ म्हणजे थोरला केटो. हा रोमचा कडक शिस्तीचा राजकारणी. त्याने इ.स.पू. १६० च्या सुमारास शेतीवर एक पुस्तक लिहिलं. त्यात बैलांची निगा आहे, कोबीची तोंड भरून स्तुती आहे आणि अधूनमधून चक्क पाककृती आहेत. त्यातली एक 'लिबुम'ची. दोन रोमन पौंड चीज चांगलं कुटा, एक पौंड पीठ मिसळा, एक अंडं घाला, गोळा पानांवर ठेवा आणि वर मातीचं भांडं पालथं घालून मंद भाजा. रोमन पौंड साधारण ३२७ ग्रॅमचा. 'प्लाकेंटा' नावाच्या थोरल्या प्रकाराला तर चौदा पौंड मेंढीच्या दुधाचं चीज आणि साडेचार पौंड मध लागतो. तो मी घरच्या अंदाजपत्रकाकडे पाहून सोडून दिला. (ग्रीकांनी केकवर वेगळे ग्रंथच लिहिले होते. ते बुडाले, पण लिहिणाऱ्यांची नावं अथेनिअस नावाच्या लेखकाने टिपून ठेवली. पाकशास्त्रावर लिहिणाऱ्याला यापेक्षा जास्त अमरत्व मिळत नसावं.)

मेंढीच्या चीजऐवजी मी पनीर कुटलं आणि मैद्याऐवजी कणीक घेतली. खाली तमालपत्रं घातली. रोमनांचं ते पान लॉरेलचं आणि आपलं तमालपत्र दालचिनीच्या जवळच्या झाडाचं, हे मला लिबुम भाजून झाल्यावर वाचायला मिळालं. वर उपडं घातलेलं मातीचं भांडं म्हणजे बायकोचं दह्याचं गाडगं. ते तडकलं. लिबुम मात्र तडकलं नाही. सुरीलाही दाद देईना.

"हे काय करायचं?" बायकोने विचारलं.

"रोमन लोक देवाला दाखवायचे."

"मग दाखवण्यापुरतंच ठेवा."

इथे शहाणा माणूस थांबला असता. मी आमच्या सोसायटीच्या कोजागरीच्या बैठकीला गेलो. दरवर्षी गच्चीवर आटीव मसाला दूध असतं: केशर, चारोळ्या, जायफळ आणि कढईपाशी कोण बसणार यावर वाद. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "यंदा दुधाऐवजी चीजकेक. शेवटी तोही दुधाचाच." माझ्या व्याख्यानाच्या भीतीने असेल, पण ठराव पटकन मंजूर झाला. दूधवाल्याला नाही सांगायचं कामही मीच अंगावर घेतलं. एकाच आवाजात अट आली: "अंडं नको." गच्चीवरच्या निम्म्या मंडळींना अंडं चालत नाही. मी म्हटलं, "त्यात काय!"

त्यात बरंच काही असतं. जगातले बहुतेक भाजलेले चीजकेक अंड्यावर उभे असतात. ओव्हनच्या उष्णतेने अंड्यातली प्रथिनं आळतात आणि सगळं मिश्रण धरून ठेवतात. जास्त आळली की वर भेगा पडतात. जर्मनांचा केझेकूखन क्वार्कचा, म्हणजे आपल्या चक्क्याच्या जवळच्या ताज्या चीजचा, त्यात अंडी. पोलंडचा सेर्निक त्वारूगचा, त्यात अंडी. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्डचे आचारी एल्डरची फुलं आणि गुलाबपाणी घालून 'सांबोकाड' करत. त्यात अंड्याचा पांढरा बलक. जपान्यांचा तर त्या बलकाच्या फेसावरच उभा असतो आणि बशी हलवली की थरथरतो. स्पेनमधल्या सान सेबास्तियानच्या 'ला विन्या'मध्ये सांतियागो रिव्हेरा यांनी १९९० च्या आसपास बिनबिस्किटाचा चीजकेक काढला. तो कडक आचेवर वरून काळा करायचा आणि आतून लपलपीत ठेवायचा. माझ्या हातची आमटी पाहता हा प्रकार मला जमला असता. पण तिथेही अंडी.

तेव्हा न भाजता, थंड करून सेट होणारा चीजकेक करायचा, असं मी ठरवलं. क्रीम चीजचा भाव ऐकून चक्क्यावर आलो. डेअरीतून सात किलो चक्का आणला. मारी बिस्किटं लाटण्याने कुटली, लोण्यात कालवली आणि सोसायटीच्या परातींमध्ये थापली. अमेरिकेत यासाठी ग्रॅहम क्रॅकर घेतात. आपल्या मारीने काम अडत नाही, हे मी स्वानुभवावर सांगतो, आणि या प्रकरणात माझा तेवढाच अनुभव चांगला आहे. मिश्रण घट्ट व्हावं म्हणून दुकानातून एक पूड आणली, गरम पाण्यात विरघळवली, चक्का, साखर आणि क्रीममध्ये ढवळली. पाकिटावर चौकोनात तपकिरी त्रिकोण होता. मला तो चॉकलेटच्या स्वादाचा वाटला.

एवढ्या पराती आमच्या फ्रिजमध्ये मावणं शक्य नव्हतं. मजल्यामजल्यावर वाटल्या. सगळ्यात मोठी परात ज्यांच्या घरात कांदासुद्धा शिरत नाही अशा काकूंच्या फ्रिजमध्ये ठेवली. त्यांनी परातीसाठी देवाच्या नैवेद्याचं दही बाहेर काढून जागा करून दिली.

रात्री गच्चीवर मी केटोपासून सुरुवात केली. लोक परातींकडे बघत ऐकत होते. मी लॉरेन्सच्या सायीपर्यंत आलो, तेव्हा आमचे निवृत्त रसायनशास्त्राचे मास्तर हळूच एका परातीजवळ गेले. त्यांनी चमच्याच्या टोकाने ती हलवली आणि नोकरीत असताना विद्यार्थ्यांना घाम फोडणाऱ्या आवाजात विचारलं, "अंड्याशिवाय हे धरलं कशाने?"

"जिलेटिनने," मी अभिमानाने म्हणालो.

"जिलेटिन कशापासून करतात?"

मला केटोची कोबी माहीत होती. फिलाडेल्फियाचं गुपित माहीत होतं. हे माहीत नव्हतं. मास्तरांनीच सांगितलं, आणि सावकाश, वर्गात सांगावं तसं सांगितलं: जनावरांची हाडं आणि कातडी उकळून. तेवढ्यात सेक्रेटरींच्या नातवाने माझ्या घरून पाकीट आणलं आणि तपकिरी त्रिकोणाचा अर्थ सर्वांना समजावला. त्यांना तो शाळेत शिकवतात म्हणे.

कुणी एक कणही तोंडात घातला नव्हता, ही त्या रात्रीची एकमेव पुण्याई. माझ्या भाषणाच्या लांबीमुळे निम्म्या सोसायटीचा आहार शुद्ध राहिला, हे नंतर कुणीही मान्य केलं नाही. अंडी-मांस खाणाऱ्या उरलेल्या निम्म्यांनी शेजाऱ्यांकडे बघून सभ्यपणे "आम्हालाही नको" म्हटलं. कांदा न खाणाऱ्या काकू काही न बोलता खाली गेल्या आणि रात्री उशिरापर्यंत त्यांच्या फ्रिजचं दार पुसल्याचा आवाज येत होता. दूध नव्हतंच. कोजागरीला आमच्या सोसायटीने चंद्राला साक्षी ठेवून फिल्टरचं पाणी प्यायलं.

जिना उतरताना बँकेच्या नोकरीत भुवनेश्वरला राहून आलेले एक गृहस्थ माझ्याजवळ थांबले. म्हणाले, "रोमपासून ब्रुकलिनपर्यंत जाऊन आलात, ओडिशाला का नाही गेलात? तिकडे छेनापोडा असतो. ताजा छेना, साखर, थोडा रवा आणि वेलची मळायची, सालाच्या पानात गुंडाळायचं आणि वरून खमंग करपेपर्यंत भाजायचं. नयागडचा म्हणून ओळखला जातो. त्यात अंडं नसतं, जिलेटिन नसतं." हे बैठकीत का सांगितलं नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही बोलत होता."

छेनापोडा मी नंतर घरी केला. सालाची पानं मिळाली नाहीत म्हणून केळीच्या पानात केला आणि तो चांगला झाला. गच्चीवर न्यायची मात्र परवानगी मिळाली नाही.

वाचकांपैकी कुणी शाकाहारी मंडळींसाठी थंड चीजकेक करणार असेल, तर जिलेटिन नको, चायना ग्रास वापरा. ते समुद्री शेवाळापासून होतं. पाण्यात नीट उकळून घ्यावं लागतं, नुसतं कोमट करून भागत नाही. पाकिटावर हिरवा ठिपका पाहून घ्या. आणि काहीही झालं तरी दूधवाल्याला नाही सांगू नका.