जग बुडतंय, पण सॅक्सोफोन झकास

शिनिचिरो वातानाबे यांच्या २०२५च्या ‘लाझारस’ या अ‍ॅनिमे मालिकेचा पहिला भाग पाहिला. काळ २०५२चा. डॉ. स्किनर ‘हॅप्ना’ नावाचं वेदनाशामक काढतात, दुष्परिणाम शून्य. जग ते चणेफुटाण्यांसारखं खातं. (दुष्परिणामच नाहीत म्हटल्यावर सोबतची चिठ्ठी वाचतो कोण?) मग डॉक्टर बेपत्ता होतात आणि तीन वर्षांनी उगवून सांगतात, की घेणारे सगळे मरणार, उतारा हवा तर ३० दिवसांत मला शोधा.

शोधायला माणसं किती? मैदानात पाच! त्यांतला नायक अ‍ॅक्सेल ८८८ वर्षांची शिक्षा झालेला कैदी. तुरुंगातून पळणं हा त्याचा हातखंडा, आणि पळताना जिना वापरणं बहुधा त्याच्या तत्त्वात बसत नाही. गच्चीवरून गच्चीवर, कठड्यावरून खाली, पुन्हा वर. मारामाऱ्या ‘जॉन विक’वाल्या चॅड स्टाहेल्स्कींनी आखल्यात, त्यामुळे प्रत्येक ठोसा आपल्याच बरगडीत बसतो. मानवजातीचा अंत मात्र कुठेच लागत नाही. वातानाबेंच्याच १९९८च्या ‘काउबॉय बीबॉप’मधली मंडळी जग वगैरे वाचवत नव्हती. खिसा रिकामा, पोट रिकामं, म्हणून धावत होती. ते लगेच पटायचं.

शीर्षकसंगीत सॅक्सोफोनवादक कमासी वॉशिंग्टन यांचं. ते ऐकताना स्किनर सापडला नाही तरी चालेल असं वाटतं.

पुढचे बारा भाग? बघणार तर! जगाचं काय ते पाचजण बघून घेतील.