सभागृहाची किल्ली कुणाकडे?

ग्वाल्हेरच्या कुठल्याही मराठी मंडळाच्या सभेला जा, एक वाक्य हमखास कानी पडतं. "आजकालची मुलं येतच नाहीत हो!" माना डोलतात, चहा येतो, सभा संपते. मुलांना बोलावलं होतं का, हे कुणी विचारत नाही.

आणि बोलावतो तरी कशाला? खुर्च्या मांडायला. प्रसाद वाटायला. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला. कार्यक्रम काय करायचा, पैसा कुठं खर्चायचा, हे ठरतं तेव्हा खोलीत पन्नाशीच्या आतलं कुणी नसतं.

हमाली तरुणांची, अध्यक्षपद आपलं.

भाषणात मात्र वारसा येतोच. येऊ द्या, वारसा मोठाच आहे. पण तो घडवला कुणी आणि कोणत्या वयात, हे एकदा नीट वाचा.

ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडितांचा जन्म 1893 चा. वडिलांच्या नावानं त्यांनी शहराच्या लष्कर भागात शंकर गांधर्व महाविद्यालय ही संगीतशाळा काढली ती 1914 साली. म्हणजे एकविशीतल्या पोरानं संस्था उभी केली आणि ती टिकली. आज एकवीस वर्षांच्या मुलाला आपण सभागृहाची किल्ली देऊ?

देणार नाही. "आधी कुणी मोठं माणूस सोबत आण," असं सांगू.

कॅप्टन रूपसिंग. ध्यानचंदांचे धाकटे भाऊ, पुढं ग्वाल्हेरकरच झालेले. 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारतानं हॉकीत अमेरिकेला 24-1 असं धुतलं, त्यातले दहा गोल एकट्या रूपसिंगांचे. वय तेविशीचं.

त्यांच्या नावाचं स्टेडियम मुळात हॉकीचं. नंतर तिथं क्रिकेट आलं. पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांतलं पहिलं द्विशतक सचिननं 24 फेब्रुवारी 2010 ला तिथंच झळकावलं. त्या 200 धावा गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहेत. दहा गोल किती जणांना ठाऊक आहेत?

अटलबिहारी वाजपेयी इथल्याच शिंदे की छावणी भागातले. 1944 मध्ये ते आर्य समाजाच्या तरुणांच्या शाखेचे, इथल्या आर्यकुमार सभेचे सरचिटणीस होते. तेव्हा त्यांनी विशीसुद्धा ओलांडली नव्हती. पुढं पंतप्रधान झाले म्हणून आपण त्यांचा फोटो लावतो. सरचिटणीसपद ज्यांनी त्या पोराच्या हाती दिलं, त्यांची आठवण कोण काढतो?

आता जरा वस्तीत फिरू. मुरार, थाटीपूर, दर्पण कॉलनी, दीनदयाळ नगर. लष्करातले जुने वाडे सोडून मराठी घरं अशाच वसाहतींत पांगली. फ्लॅट आले, गाड्या आल्या. नकाशात उद्यान म्हणून दाखवलेल्या तुकड्यावर त्या गाड्याच उभ्या राहिल्या.

मुलं खेळतात कुठं? दोन गाड्यांच्या मधल्या फटीत. भिंतीवर कोळशानं ओढलेल्या तीन रेघा, ते स्टंप. चेंडू समोरच्या अंगणात गेला की आऊट, आणि चेंडूही गेलाच. शेजारी पाटी लटकते, "यहाँ क्रिकेट खेलना मना है". पाटी लावणारे काका संध्याकाळी फाटकाशी उभं राहून सांगतात, पोरं दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात.

मग कुठं घालावं डोकं?

शंकरपूरला नवं स्टेडियम झालं. 6 ऑक्टोबर 2024 ला भारत-बांगलादेश सामना झाला, गाव लोटलं. आनंदच आहे. पण बघायला स्टेडियम आणि खेळायला फट, हा हिशेब कुणाला खुपत नाही?

बरं, शिकवणाऱ्यांची वानवा म्हणावी, तर लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था 1957 पासून याच शहरात आहे. अख्ख्या देशाला क्रीडाशिक्षक पुरवते. तिथल्या दोन विद्यार्थ्यांना आठवड्यातून दोनदा कॉलनीत बोलवावं, मानधन द्यावं, असं आजवर किती मंडळांना सुचलं?

मुलींचं तर विचारूच नका. राणी लक्ष्मीबाई या मातीत लढता लढता पडल्या, 1858 च्या जूनमध्ये. फूलबागेत समाधी आहे. राज्याची महिला हॉकी अकादमी 2006 पासून इथं चालते. ग्वाल्हेरचीच इशिका चौधरी भारताच्या संघातून खेळली. इतकं सगळं असलेल्या शहरात कॉलनीतली पंधरा वर्षांची मुलगी संध्याकाळी सातनंतर रॅकेट घेऊन निघाली की पहिला प्रश्न येतो, "आता कुठं?"

पुतळ्याला हार घालणं सोपं असतं. मैदानात दिवे लावायला खर्च येतो.

गणेशोत्सवाकडे वळू. दहा दिवस उत्साह असतो, कबूल. पण वेशभूषा स्पर्धेत काय चालतं? सहा वर्षांचा तानाजी विंगेत ताटकळतोय. घामानं एका बाजूची मिशी सुटलीय, आई ती अंगठ्यानं दाबून धरतेय. स्टेजवर सत्कार चालू आहेत. शाल, श्रीफळ, फोटो. पुन्हा शाल. तानाजीला दीड मिनिट मिळतं, प्रमुख पाहुण्यांना पाऊण तास.

कार्यक्रम मुलांसाठी होता ना?

विसर्जनाला डीजे लागला की आपण नाकं मुरडतो. मुरडायलाच हवीत, कानाचे पडदे फाटतात. पण ढोल-ताशाच्या सरावाला दोन महिने आधी जागा मागायला मुलं आली, तेव्हा "आवाज होतो" म्हणून कुणी हाकललं? सराव नको म्हणायचं आणि वर डीजे नको म्हणायचं. पोरांनी काय टाळ्या वाजवत मिरवणूक काढायची?

2023 मध्ये युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हटलं. फलक झळकले. फलक लावायला एक दिवस पुरतो, षड्ज लावायला वर्षं जातात. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गाणं शिकायला दक्षिणेतून या गावात आले, वासुदेवबुवा जोश्यांच्या पायाशी बसले, आणि ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले. आपली मुलं त्याच गावात जन्मली. त्यांच्यासाठी मंडळाच्या सभागृहात आठवड्याला एक तास तंबोरा लागतो का?

दर डिसेंबरात तानसेन समारोह भरतो. सकाळी तानसेनांच्या समाधीपाशी ढोलीबुवांची हरिकथा होते, मिलाद होतो. मराठी कीर्तनाची परंपरा आणि सूफी परंपरा एकाच सकाळी, एकाच ठिकाणी. असं दुसरीकडे कुठं दिसेल? किती मंडळांनी मुलांना गाडीत घालून तिथं नेलं?

भाषेचंही तेच. 1928 आणि 1961, दोनदा या गावात मराठी साहित्य संमेलन भरलं. 1961 ला कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या, संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष. आज नातू हिंदी मिसळून मराठी बोलला की आजोबा सगळ्यांसमोर त्याची चूक काढतात. पुढच्या वेळी तो बोलतच नाही. भाषा बोलून सुधारते, रागावून नाही. त्याला एक नाटक बसवू द्या. पहिलं वाईट होईल, दुसरं बरं होईल.

वाईट होऊ द्यायची आपली तयारी आहे का? सगळं अडतं ते इथंच.

अभिमान फोटोंच्या चौकटींतून पुढच्या पिढीत उतरत नाही. तो उतरतो रोजच्या सरावातून, हरलेल्या सामन्यातून, स्वतः केलेल्या हिशेबातून. ज्याच्या हाती काम, त्याला गावाचा अभिमान. बाकीचे प्रेक्षक. आणि प्रेक्षक कंटाळले की उठून जातात. आपली मुलं पुण्याला, बंगळुरूला, गुरुग्रामला जातात ती पोटासाठी. पण दिवाळीला घरी येऊनही मंडळाकडे फिरकत नाहीत, ते कशामुळे?

म्हणून येत्या वार्षिक सभेत चार ठराव मांडा. कार्यकारिणीतल्या निम्म्या जागा तिशीच्या आतल्यांना, त्यात मुली असल्याच पाहिजेत. वर्गणीतला तिसरा हिस्सा त्यांच्या हाती, हिशेब त्यांनीच द्यायचा. कॉलनीतलं एक मैदान गाड्यांतून मोकळं करायचं. आणि सभागृहाची एक किल्ली त्यांच्याकडे, बाराही महिने.

कुणीतरी म्हणेल, मुलं चुकतील. चुकतील तर चुकतील, आपण काय कमी चुकलो? ठराव दुसरा कुणी मांडेल म्हणून वाट बघू नका. तुम्हीच उठा आणि मांडा.