आधी हात मोजा, मग पिस्तूल घ्या

जयपूरमध्ये घोडे आहेत आणि रेंजही आहे. 1953 साली उभी राहिलेली, आजही घोड्यांवर असलेली 61 कॅव्हलरी ही लष्करी रेजिमेंट याच शहरातली. झालानाच्या जंगलापासून जवळच जगतपुऱ्याची शूटिंग रेंज. मुलांच्या एखाद्या रायडिंग क्लबला घोडेस्वारीच्या जोडीने नेमबाजी सुरू करायची असेल तर इतकं सोयीचं शहर दुसरं सापडणं कठीण. आणि तरी घोडं अडतं ते पहिल्याच खरेदीत. पिस्तूल कोणतं घ्यायचं यावर पालक बोलतात, क्लबचे पदाधिकारी बोलतात, दुकानदार तर बोलतोच. ज्या पोराने ते धरायचं त्याचा हात मात्र कुणी बघत नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. यात घोड्यावर बसून गोळी झाडायची नसते. ब्रिटनमधल्या पोनी क्लबने 1969 साली मुलांसाठी टेट्राथलॉन सुरू केलं: घोडेस्वारी, धावणं, पोहणं आणि एअर पिस्तूल. नेमबाजी जमिनीवर उभं राहून, वेगळ्या वेळी. मोठ्या मुलांना दहा मीटर, लहानांना सात. टार्गेट चार सेकंदांसाठी तोंड फिरवतं, तेवढ्यात हात वर, नेम आणि गोळी. पिस्तूल निवडताना हे चार सेकंद डोक्यात हवेत. नळीकडे जड असलेलं पिस्तूल स्थिर धरायला बरं, पण उचलायला संथ. दहा मीटरच्या ऑलिंपिक प्रकारात 60 गोळ्यांना सव्वा तास मिळतो. तिथे चालतं ते इथे चालेलच असं नाही.

पालकांचं चुकतं ते फोटोत. टीव्हीवर पदक दिसतं, पदकविजेतीच्या हातात मोरिनी दिसते, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात "तेच द्या". मोरिनी, स्टेयर, फाइनवर्कबाऊ, वाल्थर, पार्दिनी ही सगळी उत्तम पिस्तुलं आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण मोठ्यांच्या मापाचं पिस्तूल साधारण किलोभर भरतं. बारा वर्षांच्या मुलीने ते एका हाताने, हात पूर्ण ताणून, मनगटाला कुठलाही आधार न देता धरायचं. नियम 1500 ग्रॅमपर्यंत वजनाची परवानगी देतो म्हणून तेवढं वजन मुलाच्या खांद्यावर टाकायची सक्ती नाही. यातल्या बऱ्याच कंपन्या आखूड नळीची, हलकी मॉडेलं बनवतात. मुलांसाठी ती मागवा. "मोठी झाली की पुरेल" हा हिशेब शाळेच्या गणवेशाला ठीक आहे. पिस्तुलाला लावला की मूल पहिल्याच वर्षी चुकीची सवय शिकतं, आणि ती मोडायला पुढची दोन वर्षं जातात.

चाचणी सोपी आहे आणि फुकट आहे. मुलाला पिस्तूल धरून उभं करा, समोर कोरा पांढरा कागद. डोळे मिटायला सांगा. हात खाली, मग सावकाश वर. आता डोळे उघडा. पुढची माशी मागच्या खाचेत मधोमध बसली असेल तर ग्रिप त्या हाताची आहे. दर वेळी एकाच बाजूला सरकलेली दिसत असेल तर ग्रिप दुसऱ्याच कुणाच्या मापाची आहे, आणि पोर मनगट वाकवून ती चूक भरून काढतंय. मग बोट बघा. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर सहज टेकला पाहिजे. बोट पोचवण्यासाठी पूर्ण तळवा फिरवावा लागत असेल तर त्या मुलाच्या गोळ्या कायम एका कडेला जाणार, आणि घरी त्याला ऐकवलं जाणार की तुझं लक्ष नसतं. लक्ष असतं हो. हात पुरत नाही.

म्हणून क्लबने पैसा घालायचा तो ग्रिपमध्ये. लहान आणि अगदी लहान मापाच्या ग्रिप, आणि डावखुऱ्यांसाठी वेगळी. नाहीतर डावखुरं मूल उजव्या ग्रिपवर हाल काढतं. लाकडी ग्रिप कानशीने आणि पॉलिश पेपरने हाताप्रमाणे घासून घेता येते, तळव्याखालची फळी वर-खाली सरकते, ट्रिगरही पुढे-मागे होतो. हे करून देणारा माणूस क्लबमध्ये हवा. नुसतं खोकं उघडून पिस्तूल हातात देणारा नको. ट्रिगरचं वजन स्पर्धेआधी तपासलं जातं: नळी सरळ वर धरून ट्रिगरला 500 ग्रॅमचं वजन अडकवतात, ते उचललं गेलं पाहिजे. ते वजन क्लबच्या टेबलावर कायम असावं.

दाबून हवा भरायचं, एका झटक्याचं पिस्तूल स्वस्त पडतं म्हणून क्लब ते घ्यायला बघतात. प्रत्येक गोळीआधी तो दांडा ओढायला जोर लागतो, आणि लगाम धरून आखडलेल्या हाताने तो ओढल्यावर नेम काय राहणार? मुलांसाठी आधीच दाबून भरलेल्या हवेच्या सिलिंडरचंच घ्या. सिलिंडरवर छापलेली मुदतीची तारीख मात्र खरेदीच्या दिवशी वाचा, कारण जुनं पिस्तूल स्वस्तात मिळतं तेव्हा बऱ्याचदा सिलिंडरची मुदत संपत आलेली असते.

प्रत्येक मुलाचं स्वतःचं पिस्तूल हवं हा हट्टही सोडा. याच जगतपुरा रेंजवर अवनी लेखरा 2015 साली नेमबाजी शिकू लागली. पहिलं राज्य पातळीचं सुवर्ण तिने प्रशिक्षकांकडून उसन्या घेतलेल्या रायफलीवर जिंकलं. पुढे तिला मार्गदर्शन केलं ते आपल्या पनवेलच्या सुमा शिरूर यांनी, 2004 साली एअर रायफलमध्ये 400 पैकी 400 मारणाऱ्या. अवनीला टोकियो पॅरालिंपिकमध्ये सुवर्ण, पॅरिसमध्ये पुन्हा सुवर्ण. अवनी रायफलवाली, आपला विषय पिस्तुलाचा; पण उसन्या शस्त्रावरही सुरुवात होते हे तिने दाखवलं. दोन-तीन चांगली पिस्तुलं क्लबची, ग्रिप ज्याची त्याची, आणि एक पिस्तूल राखीव. राखीव हवंच. टोकियो ऑलिंपिकमध्ये नेमबाज मनू भाकरच्या पिस्तुलाने ऐन पात्रता फेरीत दगा दिला, दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली. ऑलिंपिकमध्ये हे होऊ शकतं तर जिल्हा स्पर्धेत का नाही?

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. झालाना हे बिबट्यांचं जंगल आहे. जयपूरच्या राजघराण्याची शिकार ओदी, म्हणजे शिकारीसाठी बांधलेली इमारत, त्याच जंगलात उभी आहे. एकेकाळी तिथून शिकार चाले, आता पर्यटक जीपमधून बिबट्या बघतात. या जंगलाच्या कडेला मुलांच्या हाती एअर पिस्तूल द्यायचं तर ते रेंजच्या बाहेर जाता कामा नये. आपल्या 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअर शस्त्रांना परवाना लागत नाही. त्यामुळे पालक त्याला खेळणं समजतात, सुट्टीत गावी नेतात, आणि पोरगं पहिला नेम धरतं ते बुलबुलावर. एअरगनने पक्षी मारणं म्हणजे 1972 च्या वन्यजीव कायद्याखालची शिकारच. अरुणाचल प्रदेशात मार्च 2021 पासून लोकांनी एअरगन सरकारजमा कराव्यात म्हणून मोहीम चालवावी लागली, कारण जंगलं मुकी होत चालली होती.

तेव्हा पिस्तूल क्लबच्या कपाटात. किल्ली प्रशिक्षकाकडे. वहीत दर वेळी नोंद: कुणी घेतलं, कधी परत केलं. रेंजवर पिस्तूल टेबलावर ठेवलं की बोल्ट उघडा आणि नळीत सेफ्टी फ्लॅग. पेलेट शिशाचे, म्हणून डबा खाण्याआधी हात धुवायचे. आणि गोळीबाराची जागा तबेल्याला लागून नको. आवाजाने बुजलेला घोडा आणि त्याच्या पाठीवरचं मूल यांची जबाबदारी कुठलाही दुकानदार घेत नाही.

ज्या क्लबकडे कुलूपबंद कपाट नाही, गोळी अडवणारी पक्की भिंत नाही आणि पूर्णवेळ प्रशिक्षक नाही, त्याने यंदा एअर पिस्तूल घेऊच नये. लेझर पिस्तूल घ्यावं. मॉडर्न पेंटॅथलॉनने एअर पिस्तूल सोडून लेझर धरल्याला दशक उलटून गेलं; त्यात पेलेट नाही, शिसं नाही, सिलिंडर नाही. ग्रिप, ट्रिगर आणि उभं राहणं त्यावरही शिकता येतं. भिंत बांधून झाली, कपाटाला कुलूप लागलं, की मग दुकानात जा, आणि जाताना मुलाला बरोबर न्या.